ओंबीचं प्लास्टर

सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला बाळंतिणीच्या घरी न्हाऊ घालणारी मावशी येते. न्हाणीत बसक्या पाटावर बसते, दोन्ही पाय लांब करते, लुगडं गुडघ्यापर्यंत सारते आणि बाळाला आपल्या नडग्यांवर पालथं घालते. तेल फार गरम नाही ना, हे आधी स्वतःच्या मनगटावर बघते. मग पाठ, ढुंगण, मांड्या. बाळाला उताणं करून हातांची घडी, पायांची घडी. शेवटी दोन्ही घोटे एका मुठीत धरून पाय खाली ताणते, कारण पाय सरळ झाले पाहिजेत. वेखंड, धुरी, काजळाची तीट, आणि दुपट्यात करकचून गुंडाळलेलं गाठोडं आईच्या कुशीत. संगमनेरच्या माळीवाड्यात काय किंवा साकूरच्या पठारावर काय, महिना-दोन महिने हा कार्यक्रम रोज चालतो.

या प्रकरणाची सुरुवात न्हाणीतून करण्याला कारण आहे. जन्मल्यानंतर डॉक्टर बाळाचे खुबे मिनिटभर तपासतात. मावशीच्या हातात ते रोज अर्धा तास असतात. एखादी मांडी दुसरीइतकी बाजूला पडत नाही, लंगोट बांधताना एका बाजूला अडतं, हे सगळ्यात आधी जाणवलं तर तिलाच जाणवेल. आणि पाय सरळ ताणून बांधल्यानं सगळ्यात जास्त नुकसान होऊ शकतं तेही याच सांध्याचं.

खुब्याचा सांधा उखळीचा. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोळ्यासारखं, आणि कमरेच्या हाडात त्याला बसायला खोलगट वाटी. जन्माच्या वेळी ही वाटी उथळ असते आणि बहुतेक कूर्चेची, म्हणजे कानाच्या वरच्या भागासारख्या मऊ पदार्थाची. तिला खोली येते ती गोळ्यामुळे. गोळा मधोमध बसून फिरत राहिला, की वाटी त्याच्याभोवती घडत जाते. चाकावरच्या ओल्या मातीला कुंभार अंगठ्यानं दाबत खोल करतो, तसंच हे काम चालतं. गोळा जागेवर नसेल, कडेला टेकलेला किंवा वाटीबाहेर सरकलेला असेल, तर वाटीला घडवणारं कुणी उरत नाही. ती सपाट राहते, चरबी आणि जाड झालेल्या पडद्यांनी भरू लागते, आणि गोळ्याला परत यायला जागाच उरत नाही. खुब्याच्या या बिघाडात साध्या उथळपणापासून पूर्ण निखळलेल्या सांध्यापर्यंत सगळ्या पायऱ्या येतात. पूर्ण निखळलेला खुबा हजारात साधारण एक-दोन बाळांत सापडतो.

आणि तो दुखत नाही. या आजाराची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. कान दुखला तर बाळ रडतं, पोट दुखलं तर पाय आखडून किंचाळतं. खुबा निखळलेला असताना ते हसतं, दूध पितं, कुशीवर वळतं, रांगतंसुद्धा. घरच्यांना शंका येते ती बाळ उभं राहिल्यावर. एक पाय आखूड वाटतो, टाच टेकत नाही, पांगुळगाडा ढकलताना एका बाजूला झोक जातो. दोन्ही खुबे निखळले असतील तर फसगत आणखी मोठी, कारण दोन्ही पाय सारखेच आखूड असतात. पोर बदकासारखं डुलत चालतं आणि घरात त्याचं कौतुक होतं. तोवर दीड वर्षं गेलेलं असतं.

धोका कुणाला जास्त, याची उत्तरं आपल्या भाषेत फार जुनी आहेत. पायाळू हा शब्द घ्या. पायांकडून जन्मलेल्या माणसाची लाथ बसली की पाठीची उसण जाते, त्याला जमिनीखालचं पाणी कळतं, अशा समजुती गावोगाव आहेत. समजुती बाजूला ठेवल्या तरी त्यांनी एक मोठं काम केलं: पायाळू मूल कोणतं, हे घरादाराच्या लक्षात राहिलं. अस्थिरोगतज्ज्ञालाही नेमकं तेच हवं असतं. गर्भाशयात डोकं वर आणि ढुंगण खाली अशा अवस्थेत शेवटचे महिने काढलेल्या बाळाच्या खुब्यांवर ताण पडलेला असतो. मग प्रसूती सिझेरियननं झाली म्हणून तो ताण पुसला जात नाही. दुसरा शब्द पहिलटकरीण. पहिल्या खेपेला गर्भाशय घट्ट असतं, बाळाला हालायला जागा कमी. गर्भजल कमी असेल तर तीच गत. मुलींमध्ये हा दोष मुलांपेक्षा चार-पाच पट आढळतो, कारण आईच्या शरीरातल्या सांधे सैल करणाऱ्या संप्रेरकांचा परिणाम मुलींच्या सांध्यांवर जास्त होतो असं मानलं जातं. आणि डावा खुबा उजव्यापेक्षा जास्त वेळा, कारण पोटात बाळ बहुधा अशा बाजूनं असतं की त्याची डावी मांडी आईच्या कण्याकडे दाबली जाते.

गर्भातलं आपल्या हातात नाही. जन्मानंतरचं मात्र आहे. आपल्याकडे बाळ मान धरू लागलं की कडेवर बसतं. आजीच्या कमरेला मिठी मारल्यासारखे त्याचे दोन पाय दोन बाजूंना, गुडघे वर, मांड्या फाकलेल्या. गोळा वाटीत खोल बसवणारी स्थिती हीच. आफ्रिकेत बाळं आईच्या पाठीला अशीच फाकलेल्या पायांनी बांधलेली असतात आणि तिथे हा आजार फारच कमी दिसतो. उलट उत्तर अमेरिकेतल्या नवाहो लोकांत बाळाला पाय सरळ ठेवून फळीला बांधायची रीत होती. तिथे तो खूप दिसे. जपाननं तर हा धडा सगळ्या देशावर गिरवून दाखवला. तिथे बाळाचे पाय सरळ बांधण्याची पद्धत होती आणि खुबा निखळण्याचं प्रमाण शेकडा एक ते साडेतीन होतं. १९७५च्या सुमाराला तिथल्या डॉक्टरांनी घरोघरच्या आजी-आयांना सांगायला सुरुवात केली की पाय मोकळे ठेवा. काही वर्षांतच प्रमाण हजारी दोनच्या आसपास उतरलं. औषध नाही, यंत्र नाही. गुंडाळायची पद्धत तेवढी बदलली.

म्हणून मावशीला घालवू नका. तेल असू द्या, शेक असू द्या, दुपटंही असू द्या. छाती आणि हात गुंडाळा. कमरेखाली दुपटं पोतडीसारखं सैल ठेवा, म्हणजे बाळाला गुडघे वर घेऊन बेडकासारखे पाय पसरता येतील. पाय ओढून सरळ करायचे नाहीत. नवजात बाळाचे पाय वाकलेलेच असतात आणि वेळ आली की ते आपसूक सरळ होतात.

तपासणीची पद्धतही एका न्हाणीतूनच आली, असं म्हटलं तरी चालेल. इटलीतल्या फेरारा शहरात मारिनो ओर्तोलानी नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. एका आईनं त्यांना सांगितलं की बाळाला धुताना त्याच्या मांडीत काहीतरी खट् करतं. ओर्तोलानींनी ते हसण्यावारी नेलं नाही. बाळाच्या मांड्या बाजूला नेताना निखळलेला गोळा वाटीच्या कडेवरून परत आत येतो, त्याचा तो ठोका असतो, हे त्यांनी ओळखलं आणि १९३७ साली लिहून प्रसिद्ध केलं. त्यांच्या नावाची ही चाचणी आज जगभर प्रत्येक नवजात बाळावर करायची असते. जोडीला इंग्लंडच्या टॉमस बार्लो यांची १९६२ची चाचणी: सैल सांधा बाहेर सरकतो का, हे हळुवार दाबून पाहायचं. तीनेक महिन्यांनंतर मात्र ठोका लागेनासा होतो, कारण सगळं आखडलेलं असतं. तेव्हा बघायचं ते एवढंच, की दोन्ही मांड्या सारख्या बाजूला पडतात का.

महाराष्ट्राचा या तपासणीशी एक जवळचा संबंध आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये सुरू झाला तो पालघरहून. जन्मजात दोषांच्या यादीत त्यानं जे नऊ दोष घेतले, त्यांत फाटलेला ओठ आणि वाकडी पावलं यांच्या रांगेत खुब्याचा हा दोषही आहे. या कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात. त्याआधी आशाताई घरी येऊन जातात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बेचाळिसावा दिवस म्हणजे सहा आठवडे. पायाळू बाळाच्या, किंवा ज्याच्या घरात कुणाला हा आजार होता त्या बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी करायची वेळ नेमकी हीच. हाडाचा गोळा एक्स-रेत दिसू लागायला चार-सहा महिने लागतात, तोवर एक्स-रेचा फारसा उपयोग नाही. भारतातल्या बालअस्थिरोग आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून आखलेली वाटही हीच सांगते: जन्मताच तपासा, लसीकरणाच्या प्रत्येक खेपेला तपासा, धोका असेल तर सहा आठवड्यांना सोनोग्राफी करा. लसीसाठी बाळाची मांडी उघडलेलीच असते. त्याच वेळी दोन्ही मांड्या फाकवून पाहायला अर्धं मिनिट पुरतं, आणि ते अर्धं मिनिट मागून घेण्यात आईनं जराही संकोचू नये.

या आजारात महिने मोजावे लागतात. सहा महिन्यांच्या आत कळलं तर कापडी पट्ट्यांचा एक साज पुरतो. चेक अस्थिरोगतज्ज्ञ आर्नोल्ड पाव्लिक यांनी तो १९४०च्या दशकात बनवला. खांद्यावरून उतरणारे पट्टे आणि पावलांना रिकिबी; गुडघे वर राहतात, मांड्या फाकलेल्या राहतात, पण बाळ पाय हलवू शकतं, आणि त्या हालचालीतूनच गोळा जागेवर बसतो. सहा महिन्यांनंतर बाळात जोर येतो, आखडलेपण वाढतं, आणि साज बहुधा पुरत नाही. तिथून साधारण दीड वर्षापर्यंतचा काळ प्लास्टरचा. त्यापुढे शस्त्रक्रिया: सांधा उघडणं, वाटीत भरलेलं साफ करणं, कधी मांडीचं हाड थोडं आखूड करणं, कधी वाटीवरचं हाड कापून छप्परासारखं पुढे झुकवणं. हे शेवटचं तंत्र टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांचं. शस्त्रक्रियेनंतरही प्लास्टर चुकत नाहीच.

या प्लास्टरला डॉक्टर स्पायका म्हणतात. लॅटिनमध्ये स्पायका म्हणजे ओंबी. खुब्यावरून पट्टी कमरेभोवती, मग मांडीभोवती, पुन्हा कमरेभोवती अशी तिरकी फिरत जाते, आणि एकावर एक चढलेले तिचे फेर गव्हाच्या ओंबीतल्या दाण्यांसारखे दिसतात. फेब्रुवारीत प्रवरेकाठच्या शेतातून चालताना ओंबी हातात घेऊन पाहा, नाव ठेवणाऱ्याची नजर पटते. पट्टीतला पदार्थ आपल्याला गणपतीच्या मूर्तींमुळे ओळखीचा आहे. जिप्समचा दगड भाजून त्यातलं बरंचसं पाणी घालवलं की पांढरी भुकटी उरते. पाणी दिलं की ती गरम होत पुन्हा दगड बनते. ही भुकटी कापडी पट्टीत भरून ठेवायची युक्ती डच लष्करी सर्जन अँटोनियस मॅथायसन यांची, १८५२ सालची.

खुब्यासाठी असं प्लास्टर घालण्याचं मोठं नाव व्हिएन्नाच्या अॅडॉल्फ लोरेन्झ यांचं. कार्बोलिक आम्लानं त्यांच्या हातांची कातडी खराब झाली. त्या काळी कार्बोलिकशिवाय शस्त्रक्रिया होत नसे, म्हणून त्यांना चाकू सोडावा लागला. ते नुसत्या हातांनी खुबे बसवू लागले, आणि लोक त्यांना रक्त न सांडणारा सर्जन म्हणू लागले. १९०२मध्ये शिकागोच्या आर्मर या अतिश्रीमंत मांसव्यापारी घराण्यानं आपल्या लहान मुलीसाठी त्यांना अमेरिकेला बोलावलं. या दौऱ्यात लोरेन्झनी गरिबांची मुलंही फुकट तपासली आणि त्यांच्या भोवती लेकरं घेऊन आलेल्या आईबापांची गर्दी उसळली. ज्या मुलांनी जन्मभर लंगडायचं, ती चालू लागली, हे खरं आहे. पण लोरेन्झ मांड्या अगदी काटकोनात, बेडकासारख्या सपाट फाकवून प्लास्टर घालत. गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या सुतळीहून बारीक. त्या ताणात त्या चेपल्या जात आणि काही मुलांचा गोळा रक्तावाचून मरून चपटा होई. खुबा बसला पण गोळा गेला. हे कळायला आणि मान्य व्हायला कित्येक वर्षं गेली. पुढे सॉल्टर आणि इतरांनी मांड्या वर जास्त आणि बाजूला कमी अशी मवाळ स्थिती रूढ केली. मला वाटतं ही स्थिती कुणी शोधून काढली असं म्हणण्यापेक्षा पुन्हा ओळखली असं म्हणावं. कडेवर बसलेलं मूल तशाच पायांनी बसतं.

समजा, पठारावरची दहा महिन्यांची एक मुलगी आहे. संगमनेरहून पुढची वाट लोणीच्या प्रवरा रुग्णालयाकडे जाते, किंवा महामार्गानं ७० किलोमीटरवर नाशिकला, नाहीतर १४० किलोमीटरवर पुण्याला. तिला भूल देतात, कारण सांधा बसवताना स्नायू पूर्ण सैल हवेत. सुईनं सांध्यात रंगद्रव्य सोडून गोळा कुठवर आत जातो ते पडद्यावर पाहतात. जांघेतला दोरीसारखा ताठ स्नायुबंध अडवत असेल तर बारीक छेद देऊन सैल करतात. मग तिला एका छोट्या चौकटीवर ठेवतात. पाठ फळीवर, ढुंगण अरुंद पट्टीवर, बाकी सगळं अधांतरी. एक जण दोन्ही मांड्या ठरलेल्या कोनात धरतो आणि पट्टी सुकेपर्यंत तो कोन हलू देत नाही. पोटावर आधी घडी केलेला टॉवेल ठेवतात आणि प्लास्टर सुकल्यावर ओढून काढतात. दूध प्यायल्यावर फुगणाऱ्या पोटाची ती जागा. कापसाचे थर, मग ओल्या पट्ट्या, आणि खुब्यामागच्या उंचवट्याशी डॉक्टर तळहातानं प्लास्टर दाबून धरतात, गोळा मागे घसरू नये म्हणून. छातीपासून घोट्यापर्यंत ओंबी तयार होते. पुढे सीटी किंवा एमआरआयनं गोळा जागेवर असल्याची खात्री करतात, कारण प्लास्टरच्या आत काय झालं ते बाहेरून कळत नाही.

मग ती घरी येते, आणि खरं काम आईच्या हातात येतं. साधारण तीन महिने, मध्ये एकदा पुन्हा भूल देऊन प्लास्टर बदलणं. पहिले दोन दिवस दरवाजातून नेतानाही अडखळायला होतं. पोर आडवंच झालेलं असतं. मांड्यांमध्ये बसवलेल्या आडव्या दांडीला धरून तिला कधीच उचलू नये, सगळं वजन खुब्यावर जातं. एक हात पाठीखाली, एक ढुंगणाखाली. डोक्याकडची बाजू उंच ठेवायची, म्हणजे लघवी प्लास्टरच्या आत न जाता खाली उतरते. लहान डायपर प्लास्टरच्या कडेआड सारायचा आणि वरून मोठा बांधायचा. रात्रीही उठून बदलायचा. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, घडी घातलेल्या गोधड्यांचा आधार देऊन. झोळी मात्र या तीन महिन्यांत बंद.

एप्रिल-मेमध्ये हे जास्त जड जातं. आत खाज सुटते. विणायची सुई, पट्टी, पेन, काहीही आत घालू नये. कातडी फाटली तर वास येईपर्यंत कळत नाही. पावडर आणि तेलही नको. केस वाळवायच्या यंत्राची थंड हवा वरच्या कडेनं सोडली तर पोरीला बरं वाटतं. खाऊ भरवताना गळ्याशी पंचा बांधायचा, कारण बिस्किटाचा चुरा छातीकडच्या कडेतून आत गेला की त्याच्यामागे मुंग्या येतात. दिवसातून अनेक वेळा पायाची बोटं पाहायची: गुलाबी आहेत का, कोमट आहेत का, हलतात का. ती सुजली, निळी-पांढरी किंवा गार पडली, कारण नसताना ताप आला, प्लास्टरला कुजका वास आला, जेवल्यावर वारंवार उलटी झाली किंवा काही केल्या रडणं थांबेना, तर सकाळची वाट न पाहता निघायचं.

शेजारी येतात आणि विचारतात, एवढ्याशा जिवाला असं बांधून कसं ठेवलं? मुलगी आहे, पुढे लग्नाचं काय? हा प्रश्न मला फार टोचतो. या आजारात मुली जास्त, आणि मुलीच्या उपचाराची एक फेरी चुकवायला घरात कारणं लवकर सापडतात: कांदा काढायला आला, ऊसतोडीला जायचं आहे, एसटीत प्लास्टर घेऊन कोण चढेल. एक फेरी चुकली तर सरकलेला गोळा सरकलेलाच राहतो आणि तीन महिने वाया जातात. ज्या घरात प्लास्टरातली मुलगी असेल त्या घराला शेजाऱ्यांनी देण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे तपासणीच्या दिवशी गाडी.

पोर मात्र आईबापांपेक्षा लवकर रुळतं. आठवड्याभरात ते पालथं पडून हातांनी सरपटायला लागतं. प्लास्टर कापायच्या करवतीचा आवाज मोठा असतो आणि मुलं घाबरतात. ते पातं गरगर फिरत नाही, नुसतं थरथरतं, त्यामुळे कडक प्लास्टर फुटतं आणि मऊ कातडी बहुधा शाबूत राहते. आतून निघणारे पाय बारीक, कातडी सालपटलेली, मांड्या अजून फाकलेल्याच. इथे पुन्हा मावशीची आठवण होते, कारण घरात कुणीतरी हमखास म्हणतं, जरा चोळून सरळ करा. करायचं नाही. कोमट पाणी, हलकं तेल, आणि पाय आपसूक खाली येईपर्यंत वाट पाहायची. पुढे काही महिने बहुधा काढता-घालता येणारा पट्टा असतो. आणि दर वर्षा-दोन वर्षांनी एक्स-रे, उंची वाढायची थांबेपर्यंत, कारण बसलेला गोळाही उथळ वाटीत पुढे त्रास देऊ शकतो.

हे एक्स-रे जपून ठेवायचे असतात. पहिल्या दिवसापासूनचे सगळे, तारखेप्रमाणे, एका पाकिटात, शाळेच्या दाखल्याबरोबर. मुलगी सासरी जाईल तेव्हा ते पाकीट तिच्या सामानात हवं. आईला किंवा वडलांना हा दोष असेल तर बाळाला तो असण्याची शक्यता शेकडा १२च्या आसपास, असं एका जुन्या ब्रिटिश अभ्यासात दिसलं होतं. तिच्या बाळंतपणात ते पाकीट टेबलावर आलं, की बेचाळिसाव्या दिवशी तिच्या बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी कुणीतरी लिहून देईल.